बारा इंची सबवूफर आणि चुकीचा बॉक्स : नंदुरबारच्या एका स्विफ्टचे प्रकरण

गाडी २०१९ची मारुती स्विफ्ट. मालक नंदुरबारचे, मिरचीच्या व्यापारातले, तिशीच्या आतबाहेरचे. डिकीत १२ इंची सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर), तयार मिळालेला पोर्टवाला (हवेसाठी पाइप असलेला) बॉक्स, सीटखाली एक मोनो अ‍ॅम्प. सगळे सामान नवे आणि चालू स्थितीत. तक्रार त्यांनी अहिराणीत एका वाक्यात सांगितली : "भाऊ, दणका ते भलता से, पन गाणं कोणतं चालू से ते समजस नही."

हे वाक्य मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात निदान अर्धे झालेले असते. आवाज कमी असेल तर वायर, अ‍ॅम्प, गेन (त्याची पातळी ठरवणारी कळ) इकडे बघावे लागते. आवाज भरपूर आहे आणि गाणे मात्र ओळखू येत नाही, म्हणजे सबवूफर प्रत्येक गाण्यातला एकच पट्टा उचलून धरतोय. अहिराणी लग्नगीत लावा, डीजे रिमिक्स लावा, वडिलांसाठी ठेवलेले कीर्तन लावा, डिकीतून एकाच सुराचा घुमारा येतो. कीर्तनात तर पखवाजाचा डावा हात आणि बुवांचा आवाज एकमेकांत कालवले जात होते.

धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही दुकानात सबवूफर घ्यायला गेले की पहिला प्रश्न येतो, "किती इंची?" दुसरा, "किती वॅटचा?" आणि मग भिंतीला लावलेल्या बॉक्सांतून १२ इंची भोकाचा एक काढून दिला जातो. त्या भोकात स्क्रू बसतात, एवढ्यावर जोडी जमली असे मानतात. माझा या पद्धतीवर मनापासून आक्षेप आहे. ग्राहकाने वीस-पंचवीस हजार रुपये मोजलेले असतात, आणि ध्वनीचा निम्मा निर्णय करणारी वस्तू कुणी हिशेब न करताच त्याच्या गळ्यात मारलेली असते.

कागदावरचे आकडे

सुदैवाने मालकांनी खोका आणि आतले पत्रक जपून ठेवले होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २००० वॅट, पत्रकात बारीक अक्षरांत ३५० वॅट आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारी ताकद. हिशेबाला दुसराच आकडा घ्यायचा. बाकीचे आकडे असे : एफएस ३० हर्ट्‌झ, क्यूईएस ०.६२, क्यूएमएस ६, क्यूटीएस ०.५६, व्हीएएस ५५ लिटर, एक्समॅक्स १२ मिलिमीटर, दोन व्हॉइस कॉइल (चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी), प्रत्येकी ४ ओहम.

हे आकडे पाहून घाबरायचे कारण नाही. एफएस म्हणजे ड्रायव्हर (बॉक्सशिवायचा खुद्द सबवूफर) मोकळा धरला तर त्याचा कोन (पुढचा हलणारा पडदा) ज्या वारंवारतेला स्वतःहून डोलतो ती. व्हीएएस म्हणजे कोनच्या लवचिकतेइतकीच लवचिक असणारी हवा किती लिटर, ते. एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती सरकेपर्यंत कॉइल चुंबकाच्या पकडीत नीट राहते, ते अंतर. आणि क्यूटीएस म्हणजे ड्रायव्हर स्वतःचे डोलणे स्वतः किती आवरतो याचे माप. आकडा लहान असेल तर पकड घट्ट, मोठा असेल तर सैल. क्यूईएस आणि क्यूएमएस हे त्याचेच विद्युत आणि यांत्रिक भाग. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली पोर्टवाल्या बॉक्सवर निबंध लिहिला, रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो विचार पुढे नेला, आणि तेव्हापासून बॉक्स अंदाजाने बनवायची गरज संपली. या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात ते त्यामुळेच. पत्रकात ते छापलेले नसतील तर मी तो ड्रायव्हर घेऊ नका असेच सांगतो.

एक झटपट चाचणी आहे : एफएसला क्यूईएसने भागायचे. इथे ३० भागिले ०.६२, म्हणजे ४८. उत्तर ५०च्या खाली आले तर ड्रायव्हर बंद बॉक्सकडे झुकतो, ९०-१००च्या वर गेले तर पोर्टकडे. मधल्यांचे दोन्हीकडे जमते. ही चाचणी फक्त दिशा दाखवते, निकाल देत नाही. पण दिशा स्पष्ट होती. हा ड्रायव्हर बंद बॉक्ससाठी बनला होता आणि बसवला होता पोर्टवाल्यात.

मग तो तयार बॉक्स मोजला. आतले निव्वळ आयतन ४० लिटर. पोर्ट म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाचा, १५ सेंटिमीटर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप. अशा बॉक्सची ट्यूनिंग (पाइपातली हवा ज्या वारंवारतेला स्वतःहून डोलते ती) येते साधारण ५१ हर्ट्‌झला. मोटारीतल्या पोर्टवाल्या बॉक्सला ३० ते ४०च्या दरम्यानची ट्यूनिंग बरी पडते. ५१ म्हणजे फारच वर. पाइप आखूड ठेवला की बॉक्सवाल्याचे काम सोपे होते, आणि दुकानात वाजवून दाखवताना ठोका जोरात बसतो. ग्राहक खूश होऊन घरी जातो.

हाच ड्रायव्हर आणि हाच बॉक्स संगणकावर मांडला तेव्हा चित्र असे निघाले : ५५ ते ६५ हर्ट्‌झच्या पट्ट्यात सुमारे १० डेसिबलचा उंचवटा, ४०च्या खाली घसरण, आणि ३० हर्ट्‌झला पातळी १० डेसिबलहून जास्त खाली. डीजे रिमिक्समधला ठोका बहुतेक वेळा याच ५०-६५च्या पट्ट्यात असतो. म्हणून प्रत्येक गाणे त्याच जागी येऊन आपटत होते. ढोलाचे कातडे कुठल्याही सुरात लावा, ऐकू येणारा सूर बॉक्सचाच.

त्याहून गंभीर गोष्ट दुसरी होती. पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही. तो मोकळा धावू लागतो. पूर्ण ताकदीवर ३० हर्ट्‌झला कोन १७ मिलिमीटरच्या पुढे जात होता, मर्यादा १२ची. खोल बेसच्या एखाद्या गाण्यात 'टक्‌' असा आवाज येतो, असेही मालक म्हणाले होते. तो आवाज म्हणजे कॉइल आपल्या हद्दीबाहेर जाऊन आदळण्याची सुरुवात. आणखी काही महिने गेले असते तर ड्रायव्हर गेला असता, आणि दोष त्याच्याच माथी बसला असता.

डिकी, मिरची आणि वडिलांचे कीर्तन

बॉक्स ठरवण्याआधी मी गाडीचा वापर विचारतो. यात घाई करायची नाही, कारण ध्वनीच्या सूत्रात न बसणाऱ्या अडचणी इथेच कळतात.

या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची. हंगामात तीत मिरचीच्या नमुन्यांच्या पिशव्या असतात. नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठीच ओळखली जाते, आणि मालक दोंडाईचा, धुळे, कधी सुरतपर्यंत नमुने घेऊन फिरतात. म्हणजे बॉक्सने डिकीचा पाव भाग घेतला तर चालेल, अर्धा नाही. शिवाय अधूनमधून सीट पाडून पोती न्यायची असतात, तेव्हा बॉक्स दोन मिनिटांत निघायला हवा.

आणि मिरचीची धूळ. सुक्या मिरचीची भुकटी किती बारीक असते आणि कुठे कुठे शिरते, हे नंदुरबारच्या माणसाला सांगायला नको. बऱ्याच सबवूफरच्या चुंबकाला मागून थंडाव्यासाठी छिद्र असते, ते थेट कॉइलच्या फटीकडे जाते. पोर्टवाल्या बॉक्समध्ये कोन हलला की डिकीतली हवा, धुळीसकट, पाइपातून आत-बाहेर होते. त्या फटीत बारीक कण साचले की कॉइल घासू लागते. जुना बॉक्स उघडल्यावर तळाशी लालसर थर दिसलाच. बंद बॉक्समध्ये चुंबकाची मागची बाजू पूर्ण झाकलेली राहते. या गाडीपुरता हा मुद्दा ध्वनीच्या मुद्द्याइतकाच वजनदार होता.

ऐकण्याची यादी : अहिराणी गाणी, रिमिक्स, वडिलांचे कीर्तन, आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीतले मोठे ढोल, एका मित्राने चांगल्या रेकॉर्डरवर घेतलेले. ते ढोल मी चाचणीसाठी वापरायचे ठरवले. मोठ्या ढोलाची एकेक थाप सुरू होते, फुलते आणि विझते. मागची थाप विझण्याआधी पुढची पडते. सैल बॉक्स या सगळ्यांचा एकच गोळा करतो.

पर्याय

पहिला : ड्रायव्हर तोच, पोर्टचा बॉक्स नवा, मोठा आणि खाली ट्यून केलेला. क्यूटीएस ०.५६ असताना हे सपाट करायला जे आयतन लागते ते या डिकीत बसत नाही, आणि धुळीचा प्रश्न तसाच राहतो. सोडला.

दुसरा : ड्रायव्हर विकून ०.३५-०.४० क्यूटीएसचा नवा घ्यायचा. हे जमले असते, पण चांगली वस्तू अर्ध्या किमतीत विकून पुन्हा खर्च करायला लावणे मला पटत नव्हते.

तिसरा : ड्रायव्हर तोच, बंद बॉक्स. याचा हिशेब कुणालाही करता येतो. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या आकड्याने क्यूटीएसला गुणले की क्यूटीसी (बॉक्समध्ये बसवल्यावरची पकड) मिळतो, एफएसला गुणले की बॉक्समधली नवी वारंवारता, एफसी. क्यूटीसी ०.७०७ आला तर प्रतिसाद सर्वांत सपाट. पण त्यासाठी इथे ९४ लिटर लागले असते. ३५ लिटरमध्ये तो ०.९ येतो. ४२ लिटर घेतले तर ५५ भागिले ४२ म्हणजे १.३१, अधिक १, वर्गमूळ १.५२, क्यूटीसी ०.८५, एफसी साडेपंचेचाळीस हर्ट्‌झच्या आसपास. उंचवटा अर्ध्या डेसिबलहूनही कमी. ४२ लिटरवर शिक्कामोर्तब झाले.

इथे मालकांच्या धाकट्या भावाने रास्त शंका काढली : पोर्ट काढला तर खोल बेस जाईल ना? सर्वसाधारणपणे, नीट बनवलेला पोर्टवाला बॉक्स त्याच्या ट्यूनिंगच्या जवळ बंद बॉक्सपेक्षा जोरात वाजतो, हे खरेच आहे. पण या जोडीत उलटे होते. ३० हर्ट्‌झला जुना बॉक्स ११ डेसिबल खाली, नवा बंद बॉक्स सुमारे ७ खाली. ३५ला जुना साडेसहाच्या पुढे खाली, नवा साडेचार. पोर्ट ५१ला ट्यून केला की त्याच्या खाली पातळी दर सप्तकाला (वारंवारता निम्मी झाली की) २४ डेसिबलने कोसळते. बंद बॉक्सची १२ने उतरते.

वर गाडीची मदत असते ती वेगळी. काचा बंद असलेल्या छोट्या गाडीत खालच्या सुरांची पातळी आपोआप चढते. आतली लांबी अडीच मीटर धरली तर अर्ध्या तरंगलांबीच्या हिशेबाने ही मदत ७० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते, आणि तत्त्वतः खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत वाढते. प्रत्यक्षात पत्रा, काचा, रबरी पट्ट्या थोडा दाब गळू देतात, म्हणून पुरी मिळत नाही. तरी बंद बॉक्सचा उतार आणि गाडीचा चढ एकमेकांना सावरतात. लहान गाडीत मी बंद बॉक्सला झुकते माप देतो ते याच कारणाने.

बॉक्स

४२ लिटर निव्वळ हवेत ड्रायव्हरचे स्वतःचे आकारमान २.२ लिटर आणि आतल्या आधारपट्ट्यांचे सुमारे १.६ लिटर मिळवायचे. म्हणजे पोकळी ४५.८ लिटरची. आतून रुंदी ६७ सेंटिमीटर, उंची ३६, खोली तळाशी २२ आणि वर १६. मागची फळी तिरकी, म्हणजे सीटच्या पाठीला टेकून बसते आणि डिकी वाया जात नाही. सीटचा कल प्रत्यक्षात याहून जास्त आहे, पण तेवढा दिला असता तर वरच्या बाजूला चुंबकामागे हवा खेळायला जागा उरली नसती. चुंबकाच्या छिद्रामागे दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळे हवेत.

फळ्या १८ मिलिमीटर एमडीएफच्या. ड्रायव्हरची पुढची फळी दुहेरी, ३६ मिलिमीटर. पुढून मागे एक आडवी आधारपट्टी, कारण रुंद फळी दाबाखाली स्वतःच वाजू लागते. सांध्यांना लाकडाचा गोंद आणि स्क्रू, आतून सगळ्या कोपऱ्यांना सीलंट. सिलिकॉन वापरले तर ते पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक दिवस, ड्रायव्हर बसवायचा नाही. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ कोनच्या कडेच्या गोंदाला त्रास देऊ शकते. बाहेरून, तळासह, सगळीकडे सीलर मारला. आपल्याकडे उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्यात डिकीत ओली पोती येतात, आणि एमडीएफला पाणी लागले की ते फुगते आणि परत बसत नाही.

गळती तपासायची सोपी रीत : दोन्ही हातांच्या बोटांनी कोन समान दाबून आत ढकलायचा आणि सोडायचा. बॉक्स पक्का असेल तर कोन सावकाश परत येतो. झटकन आला तर कुठेतरी फट आहे. आत पॉलिएस्टरचा सैल कापूस भरला, उशीत असतो तसा. त्याने बॉक्स ड्रायव्हरला थोडा मोठा भासतो.

पुढे जाळी लोखंडी, पिशवीचा कोपरा लागला तरी न दबणारी. बॉक्स ड्रायव्हरसह २० किलोच्या पुढे जातो, म्हणून तो गाडीच्या जमिनीला एल पट्ट्यांनी आणि हाताने फिरवायच्या नटांनी आवळला. जोरात ब्रेक लागला किंवा टक्कर झाली तर सुटा बॉक्स मागच्या सीटवरच्या माणसावर येतो. हा भाग मी ग्राहक नको म्हणाला तरी करतो. वायर फिरवून काढता येणाऱ्या प्लगने जोडली, म्हणजे पोती न्यायच्या दिवशी बॉक्स सहज निघेल.

वायर आणि जुळवणी

दोन्ही कॉइल समांतर जोडून २ ओहम. अ‍ॅम्प क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा), ३५० वॅट द्यायला त्याला सुमारे ३२ अँपिअर लागतात. आधीच्या कामात बॅटरीपासून ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर टाकली होती. पाच मीटरच्या एका वायरीतच तिच्यात अर्धा व्होल्ट जातो. ४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या वायरीत तेवढ्याच लांबीला ०.१३ व्होल्ट. वायर बदलली, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवला. तो आधी अ‍ॅम्पजवळ होता, म्हणजे मधली सगळी वायर उघडी, विनासंरक्षण. बॉडीला कुठे घासली असती तर थेट आग.

अ‍ॅम्प सीटखालीच ठेवला, पण चारी बाजूंनी बोटभर हवा सुटेल असा उचलून. खान्देशातल्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. उन्हात बंद उभ्या गाडीचा आतला भाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. अ‍ॅम्प तिथूनच सुरुवात करतो. कॉइलचेही तेच. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे कॉइल २५वरून १५० अंशांवर गेली की रोध जवळजवळ दीडपट, आणि ओढली जाणारी वीज तितकी कमी. आवाज कमी झाला म्हणून माणूस गेन वाढवतो आणि कॉइल जळते. मालकांना मी सांगितले : उन्हातून आल्यावर आधी काचा उघडून, एसी लावून गाडी थंड करा, मग आवाज वाढवा.

गेन कानाने लावला नाही. सबवूफर सोडवून, ५० हर्ट्‌झचा सूर चालवून, मल्टिमीटरवर अ‍ॅम्पच्या तोंडाशी २४ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवला. ३५० वॅटला साडेसव्वीस व्होल्ट येतात. मी मुद्दाम कमी ठेवले, कारण २५ हर्ट्‌झच्या सबसॉनिक (त्याखालचे सूर अडवणाऱ्या) फिल्टरसह एवढ्यावर कोन ३० हर्ट्‌झला १२ मिलिमीटरच्या जवळच राहतो. बेस बूस्ट शून्यावर.

कीर्तन बिघडण्याचे कारणही इथेच सापडले. लो-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचेच सूर जाऊ देणारा) १५० हर्ट्‌झवर होता. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, म्हणजे बुवा अर्धे डिकीतून बोलत होते. फिल्टर ८०वर आणला, दारांतल्या स्पीकरना ८०च्या वरचेच दिले. मग सबवूफरची पोलॅरिटी (अधिक-उणे टोकांची जोडणी) दोन्हीकडून ऐकली आणि जिच्यात ८०च्या आसपास ठोका भरदार आणि पुढून आल्यासारखा वाटला ती ठेवली.

निकाल

लळिंग घाटापर्यंत जाऊन आलो, दोघे भाऊ सोबत. पहिले रिमिक्स लागताच धाकट्याचे तोंड उतरले. दणका कमी झाला होता, आणि ते मी आधीच सांगितले होते : ६० हर्ट्‌झला सुमारे १० डेसिबल काढून घेतले की ते जाणवणारच. ज्याला गाडीबाहेर लग्नाच्या वरातीत वाजवायचे आहे त्याने हा बॉक्स घेऊ नये. त्याच्यासाठी वेगळा ड्रायव्हर, वेगळा बॉक्स, वेगळी बॅटरी.

मग काठीचे ढोल लावले. थाप, तिचा विस्तार, पुढची थाप, मागे दूरवर दुसरा ढोल. धाकट्यानेच आवाज वाढवला आणि घाट उतरेपर्यंत बोलला नाही. परतीच्या वाटेवर कीर्तन लागले तेव्हा मालकांनी वडिलांना फोन केला आणि फोन डॅशबोर्डवर धरला. फोनमधून काय ऐकू गेले असेल कोण जाणे, पण त्यांना ते लगेच ऐकवायचे होते.

मोबाइलच्या अ‍ॅपवर पिंक नॉइझ (सगळ्या पट्ट्यांतले सूर असलेला चाचणीचा आवाज) लावून आधीचे आणि नंतरचे आलेख ताडून पाहिले. फोनचा माइक खालच्या सुरांना भरवशाचा नसतो, त्यामुळे त्याचे आकडे खरे धरत नाही. पण तोच फोन, तीच जागा ठेवून केलेली तुलना चालते. ६०जवळचा डोंगर गेला होता.

दोन गोष्टी राहिल्या. मागच्या दाराची आतली प्लॅस्टिक पट्टी ४० हर्ट्‌झच्या आसपास खडखडते, तिला फोमची पट्टी लावायची आहे. नंबरप्लेटही जराशी. आणि मेमध्ये अ‍ॅम्प किती तापतो ते हात लावून बघायचे आहे. गरज पडली तर छोटा पंखा बसवू.

बॉक्सच्या तळाला आतून आणि बाहेरून मार्करने लिहून ठेवले : निव्वळ ४२ लिटर, बंद, क्यूटीसी ०.८५, एफसी ४५.५, २ ओहम, २४ व्होल्ट, आणि खाली ड्रायव्हरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस. उद्या कुणी यात दुसरा १२ इंची ड्रायव्हर टाकायला घेतला, तर त्याला भोकाच्या मापाआधी हे आकडे दिसतील.